बोलणारा कोल्हा आणि न बोलणारं गाढव : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या गोष्टींमधल्या प्राण्यांवर मी लिहिलेल्या मागच्या लेखाला ‘रानवाटसरू’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांची कडक प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गोष्टीतले प्राणी हे प्राणी नसतातच, कातडं पांघरलेली माणसं असतात. माणूस स्वतःलाच बघत बसतो आणि वर त्याला प्राणिप्रेम म्हणतो. सोलापूरकरांनी चादरीवर मोर विणले, नंदीध्वज मिरवले, आणि माळरानावरचा माळढोक पक्षी मात्र डोळ्यांदेखत संपला. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत वासराला उपाशी ठेवून भविष्य काढतात, त्याचंही मी कौतुक केलं. ‘असल्या भाबड्या लेखनानं एकही जनावर वाचत नाही,’ हा शेवटचा टोला.

रानवाटसरू, चादरीपासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं म्हणणं मला साफ पटतं. जेकार्ड मागावर नक्षी पंचकार्डातून उतरते, आडव्या धाग्याच्या एकेका ओळीला एकेक कार्ड. मोराची मान वळवायची तर ती पायऱ्यापायऱ्यांनीच वळणार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या कारखान्यात कुणी मोराकडे बघून मोर काढत नाही, आधीच्या चादरीवरच्या मोराकडे बघून काढतो. असा हा खऱ्या मोराच्या पणतवंडाचा पणतू. त्यात पक्षी शोधायला जाऊ नये. ऊब मिळते का बघावं.

पण सगळे प्राणी या एकाच मागावर बसवू नका. मी गोष्टींची विभागणी एका साध्या प्रश्नावर करतो : यातलं जनावर बोलतं का? बोलत असेल तर तो बहुतेक वेळा माणूसच असतो. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे म्हणजे दरबारातले मुत्सद्दी. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तेच जुळवतात आणि तेच तोडतात. ही गोष्ट सहाव्या शतकात इराणात गेली, आठव्या शतकात अरबीत उतरली, आणि कोल्ह्यांची नावं झाली कलीला आणि दिमना. दरबार सगळीकडेच होते, त्यामुळे कोल्ह्यांना परकं वाटलं नाही. इथवर तुमचं बरोबर. तरीही त्यात एक बारीक गोष्ट बघा : हे कोल्हे सिंहाच्या उष्ट्यावर जगतात. मोठ्या शिकारी जनावराच्या मागं मागं राहून उरलंसुरलं खाणं हे कोल्ह्याचं खरंखुरं वागणं आहे. ज्यानं ती गोष्ट रचली त्यानं, किंवा त्याला ती सांगणाऱ्यानं, कोल्हा पाहिलेला होता. आणि पाय मोडलेल्या संजीवकाला त्याचा व्यापारी मालक वाटेतच सोडून निघून जातो, तेही कुणीतरी पाहिलेलं असणार.

आता न बोलणारी जनावरं घ्या. काशीहून रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं पाणी एकनाथांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. त्या गोष्टीत गाढव कशाचं प्रतीक आहे? कशाचंच नाही. त्याला तहान लागली आहे, बस. ते आशीर्वाद देत नाही, आभार मानत नाही, शेवटी उठून देवाच्या रूपात प्रकट झालं असं सांगणारे कीर्तनकार मला जरा घाई केल्यासारखे वाटतात. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणं, चक्रधरांनी शिकाऱ्यांपासून सशाला वाचवणं, याही गोष्टी तशाच. ससा घाबरलेला आहे आणि जवळ आडोसा आहे, एवढ्यावर ती लीळा उभी आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही तर ग्रीसकडून आलेली गोष्ट, पण तिच्यातही खोटं बोलतो तो पोरगा. लांडगा फक्त येतो आणि मेंढरं खातो. त्याच्यावर दुष्टपणा आपण शाळेत चिकटवला.

मधला पेच आहे तो पैठणच्या रेड्याचा. तो बोलतो, पण स्वतःचं काहीच बोलत नाही, वेद म्हणतो. तोंड रेड्याचं, टोमणा पंडितांना. इथंही तुमचा आक्षेप लागू पडला असता. पण त्याच आख्यायिकेत रेड्याच्या पाठीवर आसूड पडतात आणि वळ उठतात ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. लोकांच्या तोंडी वेद राहिले, वळ मागं पडले, याचं मला नेहमी नवल वाटतं. आणि लोकांनी त्या रेड्याची समाधीसुद्धा बांधली, जुन्नर तालुक्यात आळे गावी. कातड्याआड निव्वळ माणूसच असता तर ती कोण बांधत बसलं असतं?

दायमाबादचा उल्लेख मागच्या लेखात राहून गेला होता, तो इथं करतो. १९७४ साली नगर जिल्ह्यातल्या या गावात काश्याची चार खेळणी सापडली. खेळणी म्हणायचं, पण वजन मिळून साठ किलोंच्या वर. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आहे आणि पुढं दांडीवर एक कुत्रा उभा आहे. हे पूजेसाठी होतं की मिरवणुकीसाठी, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण कुत्र्याला गाडीवर चढून पुढं बघायला आवडतं, हे तेव्हाच्या कारागिराला ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याचा कुत्रा आजही तेच करतो.

राहिलं भाकणुकीचं, म्हणजे वासरावरून भविष्य काढण्याचं. कौतुक मी केलं नव्हतं, वर्णन केलं होतं. पण मत विचारताय तर सांगतो. संक्रांतीच्या यात्रेत होम झाल्यावर रात्री वासरू आणतात. त्याच्यापुढं धान्यं, गूळ, ऊस, खोबरं, पान-सुपारी मांडतात. वासरू मुतलं तर पाऊस, बिथरलं तर वर्षभर भीतीचं वातावरण, कशाला तोंड लावलं त्यावरून बाजारभाव. हवामानाचा अंदाज म्हणून याची किंमत शून्य. गर्दी, दिवे, वाद्यं आणि भूक यांच्यामध्ये उभं केलेलं कुठलंही वासरू असंच वागेल. मला त्यात दिसतं ते दुसरंच. अवर्षणाच्या या पट्ट्यात घराचं वर्ष बैलावर अवलंबून होतं. तेव्हा पुढचं वर्ष कसं जाणार हे विचारायचं कुणाला, तर ज्याच्या खांद्यावर ते जाणार त्याला. आणि लक्षात घ्या, इथंही वासराला बोलायला लावलेलं नाही. त्यानं वासरासारखंच वागायचं, अर्थ लावायची जबाबदारी माणसांची. पण त्याला दिवसभर उपाशी ठेवण्याचं समर्थन मी करणार नाही. पोटभर चरलेलं वासरूही मुततंच.

आणि माळढोक. तुमचं सगळ्यात बोचरं वाक्य तेच होतं, आणि तिथंच मला तुमचा हिशेब उलटा वाटतो. माळढोक गोष्टींमुळं संपला नाही, कारण त्याच्या फारशा गोष्टीच नव्हत्या. आमच्या घरच्या जात्यावरच्या ओव्यांत कावळा होता, चिमणी होती, साळुंकी होती. माळढोक एकदाही आला नाही. तो घराजवळ येत नाही, भांडत नाही, चोरत नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या माळावर जमिनीवर. आपण त्याला दिला तो कायदा. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आलं, त्यात गावंच्या गावं अडकली. शेतकऱ्याच्या मनात हा पक्षी शिरला तो जमिनीच्या व्यवहारातली अडचण म्हणून. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर उजनीचं पाणी आलं होतं, माळ नांगरले गेले, ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या. मोकळ्या गवताला आपण ‘पडीक’ म्हणत आलो आणि त्यावर झाडं लावून पुण्य मिळवलं.

गोष्ट असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. प्रत्येक गोष्टीत खलनायक असलेला लांडगा याच अभयारण्यातल्या नान्नजच्या बाजूला अजून दिसतो आणि गोष्टीमुळं त्याचं भलं झालेलं नाही, मेंढपाळांशी त्याचं वैर चालूच आहे. पण लांडगा म्हटल्यावर माळावरच्या पोरालाही तो कसा चालतो, कुठं दबा धरतो हे सांगता येतं. माळढोकाबद्दल विचारलं तर नान्नजच्या पाटीवरचं चित्र सांगतात. तुम्ही ज्याला भाबडेपणा म्हणता त्यात ही ओळखही येते, आणि ती ओळख जाहीर करायला राजपत्र पुरत नाही.

वासराच्या उपासाबद्दल मात्र आपलं एकमत आहे, तर पुढच्या यात्रेआधी आयोजकांना पत्र लिहू. मसुदा तुम्ही करा. तुमची भाषा माझ्यापेक्षा कडक आहे. फक्त त्यात ‘भाबडे’ हा शब्द घालू नका, नाहीतर पहिल्याच ओळीला पत्र फाडतील.