‘वास आला नाही म्हणजे धोका नाही’: गॅस गिझरच्या मेसेजला एका फिटरचं उत्तर

दिवाळी आटोपली, पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागली की आमच्याकडे अमळनेरात गिझरचे फोन सुरू होतात. त्याच सुमारास गल्लीच्या, भाऊबंदकीच्या, कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. तो असा: ‘गॅस गिझरला लोक उगाच घाबरतात. गॅस लीक झाला तर लगेच वास येतो, वास नाही तर धोका नाही. बाथरूममध्ये खाली जाळी ठेवा, गॅस जड असतो, आपोआप बाहेर जातो. नवीन गिझरला सेन्सर आणि टायमर असतात. लाईट लागत नाही. एक सिलेंडर सहा महिने पुरतो. सहा लिटरचा गिझर दोन बाथरूमला चालतो. मेंटेनन्स काही नाही. सर्वांना पाठवा.’

वीस वर्षांहून जास्त काळ मी शेगड्या आणि गिझर बसवतो, दुरुस्त करतो. गॅस गिझर वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्या स्वतःच्या घरी तोच आहे. पण हा मेसेज वाचून कोणी गिझर न्हाणीत बसवून घेत असेल, तर मला गप्प बसवत नाही.

आधी वासाचं. सिलेंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. म्हणजे वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. गॅस पेटला की ते द्रव्यही जळून जातं. आणि न्हाणीतली माणसं जातात ती बहुतेक वेळा गळतीने नव्हे, जळण्याने. ज्योतीला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग हातपाय लुळे पडतात. काहीतरी चुकतंय हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद उरलेली नसते.

पारोळ्याला माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. जिन्याखालची न्हाणी, चार बाय सहाची, गिझर आतच. डिसेंबरची सकाळ, घरातले चौघे एकामागून एक अंघोळ करून गेलेले, शेवटी ती. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, हाक मारली तर उत्तर नाही. दार तोडून तिला बाहेर काढलं. अंगणातल्या हवेत थोड्या वेळाने शुद्ध आली. दवाखान्यात फिट आली असं निदान झालं आणि फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा न्हाणीतच. तेव्हा मला कळवलं. मी गेलो, तिला विचारलं, काही वास आला होता का गं? ती म्हणाली, ‘वास ते काहीच उना नही, मामा.’

तिच्यासारखे इतके रुग्ण आले आहेत की आपल्या देशातल्या डॉक्टरांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच दिलं आहे. न्हाणीत बेशुद्ध पडलेल्यांना मिरगीचे रुग्ण समजून उपचार झाल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा ‘वास नाही तर धोका नाही’ हे वाक्य नुसतं चुकीचं नाही. ते माणसाला नेमक्या धोक्याच्या क्षणी निर्धास्त करतं.

आता जाळीचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत, मोरीच्या भोकात साठतो, एवढं मेसेजमधलं खरं आहे. गळतीसाठी खालची जाळी उपयोगाची आहेच. पण कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो, आणि इथे तो गिझरच्या डोक्यावरच्या फटींतून गरम वाफेबरोबर निघतो. तो वर जातो, छतापासून खाली सगळीकडे मिसळतो. खालच्या जाळीने तो कसा जाणार?

आणि हवा लागते किती, याचा हिशोब कोणीच करत नाही. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीत हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे २५ मिनिटं गिझर चालला तर खोलीतली सगळी हवा ज्योतच पिऊन टाकेल. आणि सगळी संपायची गरजच नाही; ऑक्सिजन काही टक्क्यांनी घटला की ज्योत बिघडते. थंडीत वरचा झरोका आपण कापडाचा बोळा कोंबून बंद करतो, ते वेगळंच.

यात मला सगळ्यात जास्त टोचते ती एक गोष्ट. पहिल्या माणसाला काही होत नाही. दुसऱ्याला जरा डोकं दुखतं. हवा बिघडत जाते आणि त्याचा मार बसतो शेवटच्याला. आपल्या घरात शेवटी अंघोळ कोण करतं? सगळ्यांचं आवरून झाल्यावर घरातली बाई, आणि ती तिथेच बसून कपडेही धुते. ‘आमच्याकडे दहा वर्षांपासून आतच आहे, काही झालं नाही’ असं मला छाती ठोकून सांगणारे जवळजवळ सगळे पहिल्या किंवा दुसऱ्या नंबरला अंघोळ करणारे पुरुष असतात. घरातल्या माउलीला विचारा, हिवाळ्यात अंघोळीनंतर डोकं दुखतं का.

सेन्सर आणि टायमर खरंच असतात. बऱ्याच गिझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, काहींत ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सरही असतो. चांगल्या गोष्टी आहेत, घेताना जरूर बघा. पण टायमर मोजतो एका वेळचा वापर. पुढच्या माणसाने नळ उघडला की त्याची २० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून, आणि खोलीतली हवा मात्र आधीचीच. सेन्सरवर काजळी, वाफ, गंज बसतो. पाच वर्षं जुन्या गिझरचा सेन्सर वेळेवर काम करील याची खात्री मी देणार नाही. ‘एक्झॉस्ट फॅन लावतो ना!’ असंही लोक म्हणतात. हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? आणि तो आठवणीने लावणारं घर मी क्वचितच पाहिलं आहे.

उपाय एकच, गिझर न्हाणीच्या बाहेर. मागच्या भिंतीला, मोकळ्यावर, वर पावसापुरता पत्रा. चहूबाजूंनी पेटीत कोंडायचा नाही. तिथून गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत. तो पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) किंवा जीआयचा (जस्ताचा थर दिलेलं लोखंड), साधा पीव्हीसी नको. तो गरम पाण्याने मऊ पडतो, सांधे सुटतात. सिलेंडरही बाहेरच, उभा. पाणी जास्त गरम व्हावं म्हणून भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावायला काही जण सांगतात. अजिबात लावू नका. घरगुती गिझर घरगुती रेग्युलेटरच्याच दाबासाठी बनलेला असतो. खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा. या छोट्या एलपीजी गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी तांब्याचा बंब ते मागच्या दारी पेटवायचे. पऱ्हाट्या, तुराट्या जाळायच्या, धूर आभाळात जायचा आणि कडकडीत पाण्याची बादली तेवढी मोरीत यायची. बंद न्हाणीत बंब पेटव असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. गिझरही बंबच आहे, त्याचा धूर दिसत नाही एवढंच.

लाईट लागत नाही, हे मात्र खरं. दोन जाड्या सेलांवर ठिणगी पडते, पाण्याच्या दाबाने गॅस उघडतो. पहाटे लाईट गेलेली असली तरी अंघोळ होते. शिवाय तीन किलोवॅटचा इन्स्टंट विजेचा गिझर थंडीत मिनिटाला दोन लिटरही धड तापवत नाही, त्याच्यापुढे हा पाचसहा लिटर देतो. या दोन कारणांसाठीच मी घरी तो ठेवला आहे.

पण ‘सिलेंडर सहा महिने’ हे कुठून आलं कळत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात टाकीतलं पाणी साधारण १८ अंशांवर येतं. ते ४२ पर्यंत तापवायला १५ लिटरच्या बादलीमागे साधारण ४० ग्रॅम गॅस जातो. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये झाल्या साडेतीनशे बादल्या. पाच माणसं, प्रत्येकी एक बादली, म्हणजे सत्तर दिवस. तेही शेगडी वेगळ्या सिलेंडरवर असेल तर. शॉवर घेणारी पोरं असतील तर आठ मिनिटांत तीन बादल्यांचं पाणी वाहतं, मग हिशोब महिन्याभरावर येतो. तेवढीच बादली विजेवर तापवायला अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. सिलेंडरच्या पावतीवरचा आकडा ३५० ने भागा, बिलावरच्या युनिटच्या दराचं निम्मं करा आणि दोन्ही शेजारी मांडून बघा. बहुतेक घरांत गॅस थोडा स्वस्त पडेल, फुकट पडणार नाही.

दोन बाथरूमचं तर सोडूनच द्या. खोक्यावरचे सहा लिटर म्हणजे मिनिटाला सहा, तेही पाणी २५ अंशांनी तापवल्यावर. दोन नळ एकदम उघडले तर वाट्याला तीन-तीन येतात. त्यात आपल्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांआड, सगळा कारभार स्लॅबवरच्या टाकीवर. टाकी नळापासून एक मीटर उंच असेल तर दाब मिळतो एक दशांश बार. दाब कमी पडला की गिझर पेटतच नाही, आणि लोक म्हणतात मशीन खराब निघालं. विकत घेण्याआधी टाकीची उंची मोजा, खोक्यावर किमान दाब किती लिहिलाय ते वाचा. अंघोळ करताना गरम पाण्यात थंड नळ सोडून मिसळू नका. गिझरमधून जाणारी धार बारीक होते, ज्योत विझते आणि अंगावर गार पाणी येतं. गिझरचाच खटका कमी-जास्त करून हवं तेवढं कोमट पाणी घ्यावं.

‘मेंटेनन्स नाही’ हे तर आपल्या खानदेशात सगळ्यात खोटं. इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी टाकीतल्या पाण्याने हात भाजतो. मार्चपासून दिवाळीपर्यंत गिझरकडे कोणी बघत नाही. त्या सात-आठ महिन्यांत सेल फुटून पाझरतात, बर्नरच्या भोकांत कोळी जाळी करतात, धूळ बसते. मग नोव्हेंबरात एक दिवस थेट पेटवतात. जाळी बसलेल्या बर्नरला हवा कमी मिळते, ज्योत निळीऐवजी पिवळी होते, वरच्या पट्ट्यांवर काजळी धरते, धूर निघायची वाट बुजते. कार्बन मोनॉक्साइड वाढण्याची ही अगदी सरळ वाट आहे. बोअरचं पाणी असेल तर कॉइलमध्ये क्षाराचा थर बसतो तो वेगळा. म्हणून हंगाम संपला की सेल काढून ठेवा, सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा. दिवाळीआधी बर्नर आणि कॉइल साफ करून घ्या. आणि हिवाळाभर गिझरच्या खिडकीतून ज्योतीकडे बघत जा. पिवळी दिसली की त्या दिवसापासून वापर बंद.

भाड्याच्या घरात गिझर आतच आहे, मालक हलवू देत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. तर दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग आत जा. ज्योत चालू असताना दार लावून आत थांबायचं नाही, कपडे धुवायलासुद्धा नाही. म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी आतून कडी लावू नये.

एवढं करूनही कोणी आत पडलंच, तर आधी दार-खिडक्या उघडून त्याला बाहेरच्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. न जळलेल्या गॅसचा वास असेल तर लाईटचं बटण दाबू नका, १९०६ वर कळवा. दवाखान्यात पोहोचल्यावर न विचारताच सांगा की हा माणूस गॅस गिझर चालू असलेल्या न्हाणीत पडला. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, जे कोरोनात घरोघरी आलं, ते अशा वेळी ९८ सुद्धा दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजन धरलेल्या रक्तासारखंच दिसतं. त्या आकड्यावर विसंबून घरी परतू नका. रक्तातला कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन, तपासायला सांगा, आणि तोवर ऑक्सिजन लावायला सांगा.