फोन ठेवून देणाऱ्यांचा कौल

गेल्या आठवड्यात भर दुपारी, फोंड्यातली दुकाने बंद होऊन घराघरांत वामकुक्षी चालू असताना, आईच्या मोबाईलवर एक ध्वनिमुद्रित आवाज आला. सरकारच्या कामावर समाधानी असाल तर १ दाबा, नसाल तर २ दाबा, असे तो हिंदीत सांगत होता. आईने सगळे शांतपणे ऐकले, ‘मशिनाक कितें सांगूं?’ म्हणाली आणि फोन ठेवला. कोणतेच बटण न दाबणारी अशी माणसे जनमताच्या हिशेबात कुठे जातात, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

मोबाईल आणि टॅबमुळे सर्वेक्षणाचे काम काही बाबतींत निःसंशय सुधारले. कागदी अर्ज एका जागी बसून मनाने भरणे पूर्वी सोपे होते. आता मुलाखत कधी आणि कुठे झाली याची नोंद उपकरणच ठेवू शकते. मात्र फोन प्रत्येकाच्या हाती आहे असे धरून चालणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या. गोव्यात हे प्रमाण नव्वदीच्या पुढे आहे, म्हणून आपली अडचण वेगळी.

दूरसंचाराच्या विभागणीत गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून तो माणूस पेडण्याचा की पंढरपूरचा, हे कळत नाही. इथे नोकरीला आलेल्यांचे क्रमांक बाहेरचे असतात आणि परदेशी गेलेल्या गोवेकरांचे इथले क्रमांक घरच्यांच्या हाती राहतात. त्यात मतदारसंघ इतके लहान की २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. एवढ्या फरकाचा अंदाज दूरध्वनीवरून कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर मी तो करमणूक म्हणूनच वाचतो.

नमुना मोठा घेतला की चूक आपोआप निघून जाते, हा समज तर १९३६ मध्येच खोटा ठरला. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रुझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रुझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचे होते, शिवाय पत्रिका परत न पाठवणाऱ्यांचे मत पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. तिकडच्याच प्यू संशोधन संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांतला प्रतिसाद १९९७ मधील ३६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. कमी प्रतिसाद म्हणजे चुकीचा निष्कर्ष, असे नेहमीच होत नाही, हेही खरे. वय, लिंग, शिक्षण यांतली तफावत भारांकनाने, म्हणजे कमी प्रतिसाद आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, बरीच भरून काढता येते. परंतु अनोळखी यंत्राशी बोलायलाच नको वाटणारा स्वभाव कोणत्या भारांकनात बसवणार?

आमच्या घरी ‘ओपिनियन पोल’ म्हटले की अजूनही १६ जानेवारी १९६७ च आठवतो. फूल (महाराष्ट्रात विलीनीकरण) की दोन पाने (केंद्रशासित राहणे), एवढाच प्रश्न होता आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मते अधिक पडली. पण तिथे नमुना नव्हता, प्रत्येक मतदाराला विचारले होते. आज तेच नाव लावून आकडे छापणाऱ्यांनी किती जणांना फोन केले, किती जणांनी मध्येच ठेवले आणि प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, एवढे तरी आकड्यांच्या शेजारी, त्याच टायपात छापावे.