उंदीर दिसू नयेत म्हणून केलेला खर्च

पाळीव उंदरांच्या बाबतीतली मुख्य गोष्ट आधी कोणी सांगत नाही. तुम्ही पैसे मोजून उंदीर आणता, का तर पोरीला ते बघायचेत. आणि मग त्याच्या तिप्पट पैसे घालून अशी सोय करता की ते कोणालाच दिसू नयेत. आणि हे कुठे, तर नाशकात, जिथे जुन्या वाड्यांपासून मार्केट यार्डापर्यंत उंदीर फुकट आणि भरपूर दिसतात.

आमच्याकडे तीन आहेत. तिन्ही माद्या, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात आणि नर-मादी ठेवले तर तीन आठवड्यांत आठ-दहा पिल्लं, आणि इंदिरानगरच्या टू बीएचकेत एवढी भरती परवडत नाही. घरी आणल्या तो दिवस एकादशीचा, म्हणून लेकीने नावं ठेवली साबू, भगर आणि शेंगदाणी. भगर पिठासारखी पांढरी, बाकी दोघी पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांच्या.

पहिल्या रात्री टाकीत घर असं काही नव्हतंच. टाकी म्हणजे माशांची जुनी २ फुटी काचेची, मासे केव्हाच गेले, वर बारीक जाळीचं झाकण करून घेतलं. तिघी खाण्याच्या वाटीमागे एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या आणि नुसत्या थरथरत होत्या. त्याचं असंय की उंदीर म्हणजे मांजर, साप, घुबड सगळ्यांच्या ताटातला आयटम, त्यामुळे उघड्यावर पडला की त्याचा अर्धा जीव तिथेच जातो. चालणार तेसुद्धा भिंतीला मिशा घासत, मधल्या मोकळ्या जागेतून जायचं झालंच तर पळत. दिवसा झोपायला वर छप्पर पाहिजे, आत काळोख पाहिजे आणि अंगाला चारी बाजूंनी काहीतरी लागलेलं पाहिजे. ऐसपैस, हवेशीर, भरपूर उजेड, म्हणजे आपण ज्यासाठी वीस वर्षं ईएमआय भरतो, ते त्यांना शिक्षेसारखं.

बरं, एक घर ठेवून भागत नाही. कुठल्याही तिघींत एक दादा असते, आमच्यात भगर. घर एकच आणि दारही एकच असेल तर भगर दारात ठाण मांडणार, मग आतली बाहेर येऊ शकत नाही आणि बाहेरची आत जाऊ शकत नाही, आणि चीं चीं करत जुंपते. म्हणून प्रत्येक घराला दोन दारं, आणि घरं डोक्यांपेक्षा एखादं जास्तच. हे मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगत होतो तर आई म्हणाली, "अरे हे तुझ्या आजोबांना कोणीतरी सांगायला हवं होतं रे, आम्ही चार जावा होतो."

मग खरेदी. पेट शॉपमध्ये एक गुलाबी प्लास्टिकचा किल्ला होता, बुरुज बिरूज, वर झेंडा, लेक तिथेच अडकली. मी वाकून बघितलं तर खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आणि दार एक. दुकानदार म्हणे सर हे खूप जातं. जात असणार, कारण घ्यायला येतो तो माणूस, उंदीर थोडाच पाकीट घेऊन येतो? घेतला. लेकीच्या चेहऱ्याकडे बघून दोन दारांचा मुद्दा मांडायची हिंमत झाली नाही.

रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी म्हटलं, "उंदरांसाठी काहीतरी..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत काउंटरवर चिकट पॅड, तारेचा सापळा आणि एक पुडी हजर.

"किती आहेत?"

"तीन."

"मग पॅड न्या, एकात तिन्ही बसतील."

मी म्हटलं, मारायचे नाहीयेत हो, त्यांना राहायला पाहिजे, पीव्हीसीचा दीड इंची टी जॉइंट द्या, त्याला तीन तोंडं असतात. त्याने टी जॉइंट दिला, पैसे घेतले, सुट्टे दिले आणि मग अगदी सहानुभूतीने विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

दीड इंच बरोबर बसतं. उंदराचं डोकं शिरलं की अख्खा उंदीर शिरतो, त्यामुळे कमी चालतं, पण पोट भरलेल्या आणि तोंडात सूर्यफुलाची बी धरलेल्या शेंगदाणीला ३-४ सेंटीमीटर तरी मोकळे लागतात.

कुंभारवाड्यात एक मावशी बोळकी-सुगडी मांडून बसल्या होत्या. मातीचं घर आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात भारी, एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशीला टेकतं तेव्हा या एवढ्याशा जिवांना ते सोसत नाही आणि माती आतून गार राहते. मी एक पोटफुगं बोळकं निवडलं आणि म्हटलं, मावशी, याला दोन बाजूंनी दोन भोकं पाडून मिळतील का?

"दोन भोकं? मग त्यात ऱ्हाईल काय?"

"उंदीर."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. "आमच्या घरात तर भोकं तेच पाडत्यात."

पण दिलं पाडून, कडा दगडावर घासून गुळगुळीत करून. लेकीने घरी येताना रिक्षातच त्याचं नाव ठेवलं दुतोंड्या, गोदाघाटावरच्या मारुतीवरून.

आता घरातल्या घरात लोक आपापलं योगदान द्यायला लागले. आईने नारळ खवून झाल्यावर करवंटी दिली, ती उत्तम, फक्त बाहेरच्या शेंड्या पार घासून काढायला लागतात. त्याच उत्साहात तिने वातीचा कापूस पण आणला, मऊ बिछाना म्हणून, तो मात्र नाही म्हणावं लागलं कारण त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पाय सुजतो. बिछान्याला साधा टिश्यू पेपर द्यायचा, त्याच दाताने फाडून फाडून गोळा करतात. वखारीतला भुसा फुकट मिळत होता, पण त्यात धूळ आणि प्लायवुडचा डिंक, उंदरांची छाती मुळात नाजूक. शेजारच्या वहिनींनी द्राक्षाची रिकामी पेटी पाठवली. नाशकात हंगामात माणसागणिक एक द्राक्षाची पेटी घरात असतेच. पिना उपटल्या, चिकटपट्टी सोलली, दोन दारं कापली. सकाळी बघतो तर पेटीचा चुरा झालेला आणि त्या चुऱ्याचा ढीग दुतोंड्यात कोंबलेला. पुठ्ठ्याचं तसंच असतं, वास धरतो, मुताने भिजतो, आठवड्याने टाकायचा आणि नवा द्यायचा, पण त्यांना त्याच्याइतकं सुख कशातच नाही.

मांडणीच्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका आले. हे काका सोसायटीत कोणी फ्रिज हलवला तरी वास्तू बघायला येतात. टाकीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, मातीचं घर ईशान्येला नको, जड वस्तू नैऋत्येला. मी म्हटलं, काका, जड वस्तू काचेच्या तळावर टेकवायची हे महत्त्वाचं, कारण या खालून उकरतात आणि बोळकं बिछान्यावर नुसतं ठेवलं असलं तर अंगावर बसतं. काका म्हणाले, तेच म्हणतोय मी, पाया पक्का पाहिजे, पण नैऋत्येला. शेवटी पाया काचेवर आणि दिशा नैऋत्य असं ठरलं, कारण तिकडे ऊन येत नाही आणि टीव्ही लांब पडतो. आपल्याला ऐकू न येणारे आवाजही उंदरांना ऐकू येतात, सिरियलचं तर विचारूच नका. मग कडेकडेने टी जॉइंट, करवंटी, किल्ला अशी रांग लावली, म्हणजे एका घरातून दुसऱ्यात जाताना उघड्यावर यायला नको.

रात्री बाराला खुडबुड सुरू झाली ती पहाटेपर्यंत. सकाळी निकाल असा: तिघी फॉइल संपल्यावर उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत, एकामागे एक, शेवटचीचं शेपूट बाहेर. ती नळी मी टाकीत ठेवलेलीच नव्हती, लेकीने झोपताना सहज टाकली होती. करवंटीत धान्याचं गोदाम. टी जॉइंटमधून येजा. आणि किल्ला, तो साडेतीनशेचा गुलाबी किल्ला, तिघींनी एकमताने संडास म्हणून वापरायला घेतला. झेंडा कुरतडून टाकला तो वेगळाच.

पुढच्या शनिवारी आमच्या हिने सगळी घरं एका दमात साबणाच्या गरम पाण्यातून काढली, लखलखीत. तसं करायचं नसतं. उंदरांचं घर म्हणजे अर्धं वासच असतो, वास गेला की त्यांना वाटतं आपण परक्याच्या घरात आलो. दुपारभर तिघी वेड्यासारख्या फिरत प्रत्येक कोपऱ्यात मुतून पुन्हा हद्द आखत होत्या आणि भगरने साबूच्या कानामागचे केस ओढले. तेव्हापासून नियम असा की एका वेळी एकच घर धुवायचं आणि जुन्या बिछान्यातला मूठभर कागद परत ठेवायचा. हिचं म्हणणं, पाहुण्यांना काय सांगायचं, मुद्दाम वास ठेवलाय म्हणून? मला यावर उत्तर सुचलेलं नाही.

लेकीचा प्रश्न मात्र तसाच होता. बाबा, त्या दिसत नाहीत. त्यावर एकच तोडगा आहे, लाल पारदर्शक प्लास्टिक. उंदराच्या डोळ्याला लाल रंग जवळजवळ कळत नाही, त्यामुळे त्याला आत अंधार वाटतो आणि आपल्याला बाहेरून सगळं दिसतं, प्रयोगशाळांमध्ये अशीच घरं ठेवतात. मी मेन रोडवरून लाल पारदर्शक डबा आणला, दोन दारं कापली, कडा घासल्या. आता दुपारी लेक शाळेतून आली की दप्तरासकट टाकीसमोर बसते आणि मला ऑफिसात फोन येतो, साबू झोपेत मिशा हलवतेय, शेंगदाणीचा पाय भगरच्या तोंडावर आहे. पुराव्याला फोटो, सगळा लाल. दारापाशी कुरतडायला सुरुवात झालीये, त्यामुळे हा डबाही फार टिकेल असं नाही.

परवा ओझरहून मेहुणे आले. तेव्हा डबा नेमका धुवून गॅलरीत वाळत घातला होता. टाकीसमोर खुर्ची ओढून ते चहा संपेपर्यंत बसले, दुतोंड्या बघितला, करवंटी बघितली, टी जॉइंटचं कौतुक केलं, किल्ल्याची किंमत विचारली. मग कप खाली ठेवत म्हणाले, "दाजी, सेटअप एक नंबर झालाय हां. उंदीर कधी आणताय?"