गंज निघाला म्हणजे तोफगोळा मेला, असं नसतं

परवा भाच्याने फोटो पाठवला. प्लास्टिकच्या टबात व्हिनेगर, त्यात बुडवलेला हातभर लांब, गंजलेला तोफगोळा. गंजावरून बारीक बुडबुडे निघतायत आणि टोकाचं पितळ नुकतंच चमकायला लागलंय. खाली मजकूर: "मावशी, घाबरू नकोस, शंभर वर्षं जुना आहे. आत काही उरलेलं नाही."

मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या रणभूमीवर हिंडायचा त्याला नाद आहे. हा धीर मात्र त्याला एका फॉरवर्डने दिला. 'युद्धातला दारूगोळा घरच्या घरी स्वच्छ करा' असा तो मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात सांगितलंय की इतक्या वर्षांत दारू मरते, पडताना फुटला नाही तो आता फुटणार नाही, व्हिनेगरमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासा, आणि भीती वाटलीच तर सापडला तिथे नेऊन पुरा. वाचून माझे हातपाय गार पडले.

आधी व्हिनेगर, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी गोळ्यांत पिक्रिक ॲसिड हे स्फोटक भरलेलं असायचं. धातूशी संयोग होऊन त्याचे क्षार बनतात आणि त्यांतले काही मूळ स्फोटकापेक्षा कितीतरी हळवे असतात, नुसत्या घर्षणानेही पेट घेतात. डेटोनेटरमध्ये, म्हणजे मुख्य स्फोटक उडवणाऱ्या भागात, लेड अझाइड हे हळवं स्फोटक असेल आणि ओलाव्यात त्याची तांब्याशी गाठ पडली, तर कॉपर अझाइड तयार होतं, ते त्याहून नाजूक. म्हणजे काळ या वस्तूला थंड करत नाही, बिथरवतो. आणि फोटोत चमकत होतं ते पितळ म्हणजे बहुधा फ्यूजच, गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ. ब्रश नेमका तिथेच फिरणार होता! शिवाय काही गोळ्यांत मस्टर्ड या युद्धातल्या विषारी वायूचं द्रव्य असतं. गंजाने आधीच पातळ झालेलं लोखंड आम्लाने आणखी खायचं आणि ते द्रव्य पाझरलं तर? अंगावर फोड येतात ते काही तासांनी. तोवर कळतही नाही.

'दारू मरते' म्हणणाऱ्यांसाठी एकच घटना सांगते. फेब्रुवारी 2008, अमेरिकेतलं व्हर्जिनिया. यादवी युद्धातल्या वस्तू जमवणारा, शेकडो गोळे साफ केलेला अनुभवी माणूस घराबाहेर एका नौदलाच्या गोळ्यावर काम करत होता. वजन सुमारे 34 किलो. तो फुटला आणि माणूस जागीच गेला. एक तुकडा जवळजवळ पाव मैलावरच्या घरापर्यंत उडाला. ते युद्ध 1865 मध्ये संपलं होतं. आत साधी काळी दारू होती, सोरा, गंधक, कोळसा. बंद लोखंडात ती 140 वर्षं कोरडी राहिली. भाच्याचा गोळा त्या मानाने तरुण आहे.

'पडताना फुटला नाही' हे तर उलटंच आहे. असा गोळा म्हणजे चाप ओढून अडकलेली बंदूक. जर्मनीत ग्योटिंगेन इथे 2010 मध्ये दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असताना फुटला आणि पथकातले तिघे गेले. ते रोजचं हेच काम करणारे लोक होते.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. सापडणाऱ्या वस्तूंत रिकामी पितळी पुंगळी, बोथट झालेली गोळी असा निरुपद्रवी माल पुष्कळ असतो, आणि संग्रहालयातले गोळे सहसा रिकामे केलेले असतात. पण ते जाणकारांनी रिकामे केलेले असतात. काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या टिकलीवर, ठोक्याची खूण दिसली म्हणून ते उडून गेलेलं असेलच असं नाही, आत दारू तशीच राहिलेली असू शकते.

आता पुरण्याचं. भाचाही तेच म्हणाला, "बरं, मग रात्री गाडीतून परत नेऊन ठेवतो." नाही! गोळा टबातून काढायचा नाही, व्हिनेगर ओतायचं नाही, टब ढकलायचा नाही. दार ओढून घे, घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांना बाहेर काढ, लांब जाऊन पोलिसांना फोन कर, आणि तो फोटो त्यांना दाखव. ओरडतील, दंडही करतील कदाचित. करू देत.

त्याने फोन केला. बॉम्ब निकामी करणारं पथक टब घेऊन गेलं. गोळा भरलेला होता का, ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही.