उपासाने कॅन्सरच्या पेशी मरत नाहीत

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीचे केमोचे दोन डोस झाले आहेत. गेल्या सोमवारी भेटायला गेलो तर तिने ताट बाजूला सारलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने मला वाचायला दिला: "१६ तास उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते. ७२ तासांत शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. याच शोधाला २०१६ चं नोबेल मिळालं. आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं. केमोची गरज नाही."

नोबेल खरं आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना ते ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याच्या, कामासाठीच मिळालं. पण प्रयोग होते यीस्टवर. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. पेशीने गिळलेला स्वतःचाच माल न पचता साठला आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मग त्यामागची १५ जनुकं त्यांनी शोधली. कॅन्सरचे रुग्ण त्यात नव्हतेच.

१६ तासांचं म्हणाल, तर ऑटोफॅजी पेशीत कायमच मंद चालू असते. अन्न भरपूर असताना एमटॉर हे प्रथिन तिला दाबून धरतं, ऊर्जा घटली की एएमपीके हे दुसरं प्रथिन तिला चालना देतं. यकृतात वेग वेगळा, स्नायूत वेगळा. माणसात ती नेमकी किती वाढली हे सांगणारी साधी रक्ततपासणी उपलब्ध नाही. मग १६ हा आकडा कुणी मोजला?

खरी गफलत पुढे आहे. ऑटोफॅजी हा मुख्यतः जगण्याचा मार्ग आहे. दुष्काळात घरातली भांडी मोडीत घालून दिवस काढावेत, तशी पेशी आपलेच जुने भाग मोडून तग धरते. निरोगी पेशीत ही साफसफाई कॅन्सरला अटकाव करू शकते, हे मान्य. पण गाठ एकदा उभी राहिली की तीच सोय कॅन्सरच्या पेशीलाही मिळते. सटाण्याकडच्या डाळिंबवाल्यांना विचारा: बागेचं पाणी तोडून ताण दिला म्हणून फक्त तण मरतं का? म्हणूनच तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देऊन ऑटोफॅजी रोखायच्या चाचण्या कॅन्सर रुग्णांवर झाल्या आहेत. मेसेज म्हणतो त्याच्या अगदी उलट!

पेशीच्या मरणाचा मार्ग निराळा. त्याला १९७२ मध्ये ॲपॉप्टोसिस हे नाव मिळालं. डीएनए बिघडला की पी-५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं, बॅक्स हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराच्या, आवरणाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि कॅस्पेज विकरं पेशीचे पद्धतशीर तुकडे करतात. बीसीएल-२ हे प्रथिन म्हणजे या वाटेवरचा ब्रेक. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ बिघडलेलं असतं, काहींत हा ब्रेक घट्ट दाबलेला असतो. उपाशी राहून यातलं काहीच दुरुस्त होत नाही. केमोची अनेक औषधं डीएनएवर घाव घालून पेशीला याच वाटेवर ढकलतात. बीसीएल-२ चा ब्रेक सोडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत रक्ताच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालं, तेही २०१६ मध्येच. त्याचा मेसेज मात्र कुणी पाठवत नाही.

पूर्वजांची एकादशी भक्तीची होती. तिला गाठीवरचा उपचार ठरवू नका.

केमो चालू असताना वजन उतरलं, स्नायू झडले, की पुढचा डोस लांबू शकतो. मावशीला मी एवढंच सांगितलं आणि तिच्यासमोरच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. रात्री तिने मुगाची खिचडी खाल्ली, वर तूप मागून. तिसरा डोस शुक्रवारी आहे.