गाडी धक्क्यावर ठेवून या

गेल्या रविवारी सकाळी जुन्या गोव्याच्या फेरी धक्क्यावर आमच्या दोन गाड्या रांगेत होत्या. एका गाडीत मी, नवरा आणि दोन्ही मुलं. दुसरीत पुण्याहून आलेला चुलतभाऊ, वहिनी आणि तिचे आईबाबा. चटया, डबे, बॅट-बॉल, सगळा सरंजाम. समोरच्या दिवाडी बेटावर दिवस काढायचा बेत होता. फेरी लागली, पुढची लोखंडी फळी खाली पडली आणि आम्ही दोन्ही गाड्या आत घातल्या. तिथेच फेरी भरली. आमच्या मागची गाडी धक्क्यावरच राहिली.

त्या गाडीत मागच्या सीटवर एक आजोबा होते. काच खाली केलेली, डोक्यावर टॉवेल, मांडीवर औषधांची पिशवी. शेजारची बाई हॉस्पिटलच्या फाइलने त्यांना वारा घालत होती. सुटी मिळून घरी निघाले होते. घर समोरच्या काठावर, दिसण्याइतकं जवळ. फेरी सुटली तेव्हा ती फाइल वर-खाली होताना मला बराच वेळ दिसत होती. त्यांच्या जागी आमचं क्रिकेटचं सामान चाललं होतं.

त्या दिवशी डबा गोड लागला नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की पाहुण्याने बेटावर गाडी नेऊ नये, हे मला आधीपासून ठाऊक होतं. सिंगापूरला सात वर्षं राहून शिकून आले होते.

तिथे शनिवार-रविवार म्हणजे बेट, असं आमचं समीकरण होतं. देश केवढासा, आपल्या गोव्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. आठवडाभर ऑफिस आणि एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, मग शुक्रवारी रात्रीच सगळ्यांच्या डोक्यात बोटी सुरू. पहिली दोन वर्षं आम्ही सगळे मराठी लोक करतात तेच केलं. तनाह मेराहच्या टर्मिनलवरून तासाभराची फेरी, की आलं इंडोनेशियाचं बिनतान. उतरल्या उतरल्या रिसॉर्टची बस, रिसॉर्टचं फाटक, रिसॉर्टचा किनारा, आणि बिल सिंगापूर डॉलरमध्ये. तीनदा गेलो. बिनतान सिंगापूरपेक्षा मोठं आहे, तिथे तान्जुंग पिनांग नावाचं चांगलं नांदतं शहर आहे, हे मला चौथ्या खेपेला कळलं. त्या खेपेला आम्ही रिसॉर्ट सोडून शहरात राहिलो. तिथून पोम्पोंग म्हणतात त्या लाकडी मोटरहोडीने समोरच्या पेन्येंगात बेटावर गेलो, पिवळीधमक जुनी मशीद पाहिली. बांधताना चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्या होडीत आमच्यासोबत तांदळाची पोती होती, शाळेतल्या मुली होत्या. आधीच्या तीन ट्रिपांत बेटावर राहणारा एक माणूस माझ्याशी घरच्यासारखं बोलला नव्हता, त्या दिवशी चार जण बोलले.

पण मनात घर केलं ते सिंगापूरच्याच पुलाउ उबिन बेटाने. चांगी पॉइंटला जायचं, लाकडी बाकावर बसायचं. वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की होडी सुटते. नावाडी बहुतेक वयस्कर, बोटाने माणसं मोजतो, बारावं कुणी येईना तर शांतपणे बसून राहतो. घाई असेल त्यांनी उरलेल्या जागांचे पैसे भरायचे. आम्ही होतो तेव्हा माणशी तीन डॉलर होते. दहा मिनिटांत पलीकडे. पाहुण्याने गाडी न्यायचा प्रश्नच नाही, कारण होडीत माणसं आणि फार तर सायकल मावते. उतरून भाड्याची सायकल घ्यायची आणि दिवसभर जुन्या ग्रॅनाइटच्या खाणी, नारळ, रानडुकरं बघत फिरायचं. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाची पाणथळ जागा आहे. तिथे भराव घालायचं ठरलं होतं, लोकांनी आवाज उठवला आणि २००१ साली ते काम पुढे ढकललं गेलं. आज तिथे लाकडी पायवाटेवरून चालत खारफुटी आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला समुद्र बघता येतो. पायवाटेच्या तोंडाशी सायकलही बाहेर ठेवावी लागते. माझी मुलगी तिथे दोन तास चिखलातल्या खेकड्यांकडे बघत बसली होती. एरवी ती दहा मिनिटं एका जागी बसत नाही.

उबिन आजही उबिन आहे, कारण तिथे जाणारा स्वतःसोबत फक्त स्वतःला नेतो. हे मी तिथे कितीतरी जणांना सांगितलं. आणि इथे येऊन काय केलं, तर चारचाकी घेऊन दिवाडी.

आपल्याकडे बेटांची काय कमी आहे! चोडण आहे, दिवाडी आहे, जुवे आहे. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. दिवाडीला तर आपल्या इतिहासाचा एक अख्खा धागा आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते मोडलं, देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नव्या जागी देवळाचं काम सुरू करवलं. बेटावरच्या जागेचं नाव नार्वे, तेच नाव पलीकडच्या काठालाही मिळालं. आई मूळची डिचोलीची. लहानपणी नार्वेच्या अष्टमीला आजीचा हात धरून तिथल्या पंचगंगा तीर्थावर अंघोळीला गेल्याचं ती अजून सांगते. गाडी कुणाकडे होती तेव्हा? सगळं पायी.

काही जण म्हणतील, फेऱ्या वाढवा, मोठ्या करा. चोडणला २०२५ मध्ये रो-रो, म्हणजे गाड्या एका बाजूने चढवून दुसऱ्या बाजूने उतरवायची मोठी फेरीबोट आली, चांगलंच झालं. पण मोठी बोट आली म्हणून आपण पाहुण्यांनी आणखी गाड्या घालायच्या असतील, तर बेटावरच्या माणसाच्या हाती काय लागलं? आणि पूल हवा की नको, यावर मी एक शब्द बोलणार नाही. रात्री आजारी माणूस घेऊन ज्यांना धक्क्यावर फेरीची वाट बघावी लागते, त्यांनीच ते ठरवावं. रविवारी हवा खायला जाणाऱ्याला ‘बेट बेटच राहू दे’ म्हणायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच: गाडी अलीकडे ठेवायची. फेरीत चालत जाणाऱ्याला एक पैसा पडत नाही. चालत चढणाऱ्यामुळे कुणाची गाडी मागे राहत नाही. म्हातारी माणसं, अगदी तान्हं बाळ सोबत असेल तर गोष्ट वेगळी, ती गाडी खुशाल न्यावी. आम्ही आठ जण मात्र धडधाकट होतो, वहिनीच्या बाबांसकट.

आणि चालत गेलं की बेट दिसतं. दिवाडीच्या खाजनांमधून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांमधून जाणारा रस्ता गाडीने काही मिनिटांत संपतो. चालत गेलात तर मानशीपाशी थांबाल. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेली ती लाकडी झडप कशी आपोआप मिटते आणि ओहोटीला कशी उघडते, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या मुलांना सिंगापूरची खारफुटी नावानिशी माहीत आहे आणि मानस म्हणजे काय ते माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा जातोय. सकाळी सातला पणजीच्या कदंब बसस्थानकावर भेटायचं, बसने जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत धक्क्यावर. फेरीने दिवाडी, तिथून पायी बेट पार करून दुसऱ्या टोकाला, आणि तिथल्या फेरीने पलीकडच्या नार्वेला. सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन डिचोलीला आईकडे जेवण. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कळवा. टोपी आणि पाण्याची बाटली आणा. जेवायला किती पानं मांडायची ते आईला शनिवारी सांगायचंय.