जुनी फायबरची बोट कुजत नाही म्हणे! आधी तिची ट्रान्सम उघडून बघा

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, "आत्या बघ ना, दोन दिवसांचं काम आहे." सोबत तीच पोस्ट जी गेला महिनाभर इथल्या प्रत्येक बोटवाल्याच्या फोनवर फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी क्लासिक फायबरग्लास बोट फुकटात मिळाली तर डोळे मिटून घ्या, फायबर कधी कुजत नाही, आतलं लाकूड नरम झालं असेल तर भोकं पाडून पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारं रेझिन) ओता, लाकूड दगडासारखं होतं, वरून रंग मारा आणि सोडा पाण्यात. भाचा अमेरिकेत ओहायोत, लेक एरी या मोठ्या तळ्याकाठी सँडस्कीला राहतो, 1973 ची सतरा फुटी बोट त्याने आणलीसुद्धा, इपॉक्सीचे डबेही आणलेत. त्या बोटीत त्याची दोन लहान मुलं बसणार आहेत, म्हणून लिहितेय, आणि जरा चिडूनच लिहितेय.

पहिलं, फायबर कुजत नाही. बरोबर आहे, काच आणि रेझिन कुजत नाही. पण त्या काळातली बोट नुसती फायबरची असते हे सांगितलं कुणी? ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्या पोटात बहुतेक वेळा दीड इंच जाड प्लायवूड असतं. तळाला लांबीने जाणारे स्ट्रिंगर, म्हणजे आधाराचे वासे, लाकडाचे, फ्लोअर प्लायचा, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) आणि रेलिंगच्या स्क्रूखाली लाकडी ठोकळे, आणि हे सगळं फायबरमध्ये गुंडाळून टाकलेलं. कधीतरी कुणीतरी एक स्क्रू सीलंट न लावता पिळला की तिथून थेंब थेंब पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं लाकडावरचं हँडबुक सांगतं की ओल 20 टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशी लाकूड खात नाही, आणि 'ड्राय रॉट' हे नावच चुकीचं आहे कारण ओलीशिवाय कूज नाही. मी मालवणची, लाकडी होड्या बघत वाढले. तिथे फळी कुजायला लागली की काळी पडते, बोटाने दाबली की कळतं. या फायबरच्या बोटींचं मात्र वरून कीर्तन आतून तमाशा.

आमच्या स्वतःच्या 1968 च्या बोटीचंच सांगते. बाहेरून आरशासारखी, ट्रान्समला केसाएवढीही चीर नाही. नवऱ्याने हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं, वरती टणटण वाजलं आणि खाली ड्रेन प्लगच्या, म्हणजे पाणी काढायच्या बुचाच्या, आजूबाजूला धबधब. मग आतल्या बाजूने ड्रिल घातलं. चांगलं लाकूड असतं तर पांढरट कोरडा भुगा आला असता, इथे ड्रिलच्या बिटाला चहाचा चोथा यावा तसा काळा ओला लगदा चिकटून आला, त्यामागून चहाच्याच रंगाचं पाणी पाच मिनिटं ठिबकत होतं, आणि पावसाळाभर बंद ठेवलेल्या घराचा असतो तसा वास.

आता सांगा, त्या चोथ्यात इपॉक्सी ओतून काय होणार? हाच मुद्दा सगळ्यात वेडगळ आणि सगळ्यात धोक्याचा, म्हणून इथेच थांबते. लाकडाचे बारीक रंध्र आधीच पाण्याने भरलेत, त्यात इपॉक्सी शिरायला जागाच नाही, ते जाऊन फक्त पोकळ्या भरतं आणि घट्ट होतं, म्हणजे ओलं लाकूड तिथेच राहिलं आणि पाणी बाहेर पडायची भोकं तेवढी आपण हौसेने बुजवली. तीन दिवस उन्हात वाळवा म्हणतात, पण दोन्ही बाजूंनी फायबर असलेलं दीड इंच प्लाय तीन दिवसांत वाळत नाही, आणि समजा वाळलं तरी बुरशीने खाल्लेली ताकद परत कुठून येणार? बरं ते इपॉक्सी लाकडात मुरावं म्हणून थिनर घालून पातळ करा असंही लिहिलंय. मिशिगनच्या बे सिटीतले गौजन ब्रदर्स, वेस्ट सिस्टिमवाले, यांचा धंदाच इपॉक्सी विकायचा, आणि त्यांनीच टेस्ट करून छापलंय की फक्त 5 टक्के लॅकर थिनर घातला तर दाब सोसायची ताकद 35 टक्क्यांनी घटते. विकणारा माणूस नको म्हणतोय आणि आपण फॉरवर्डवर विश्वास ठेवतोय! त्या ट्रान्समवर दीडशे किलोच्या आसपासचं इंजिन लटकणार, थ्रॉटल दिला की ते ट्रान्समला ढकलणार, लाटेवर आपटलं की हिसका देणार. लेक एरी उथळ आहे, वारा फिरला की बघता बघता लाटा उठतात, आणि अशा वेळी ट्रान्सम फाटली तर पाणी थेट आत.

खिडकीच्या चौकटीचा कोपरा किंवा असाच बिनभाराचा बारीक तुकडा असेल तर भोकं पाडून इपॉक्सी भरणं चालतं, तेवढं मान्य. ट्रान्समला नाही.

पुढे पोस्टमध्ये बोस्टन व्हेलर या कंपनीच्या फोम भरलेल्या बोटीचा फोटो टाकलाय, 1961 साली लाइफ मासिकात आलेला, कंपनीचे संस्थापक डिक फिशर बोटीत बसलेत आणि बोट करवतीने मधोमध कापतायत. फोटो खरा आहे. पण ती बोट नवी होती, आणि फोम भरलेली बोट कापली तरी तरंगते एवढंच त्यातून सिद्ध होतं. व्हेलरच्या फोममध्येही स्क्रू धरायला लाकडाचे तुकडे असतात, ते कुठे कुठे आहेत याचे नकाशे कंपनीचेच आहेत. आणि जुन्या फोममध्ये पाणी मुरलं तर प्रत्येक घनफुटामागे 28 किलोपर्यंत वजन वाढतं.

पोस्ट म्हणते, "स्ट्रिंगर कुजले तरी बिघडत नाही, लाकूड नुसता साचा असतो." अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करते. काही बोटींत लाकडावरचं फायबर इतकं जाड असतं की भार तेच उचलतं. पण स्वस्तातल्या रनअबाउटला, म्हणजे छोट्या उघड्या मोटरबोटीला, लाकडावर पातळसा थर असतो आणि फ्लोअरचे स्क्रू त्याच लाकडात घट्ट बसलेले असतात. आपली बोट कुठली ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मरीन प्लाय कुजत नाही हेही खोटं, त्यात गोंद वॉटरप्रूफ असतो आणि आत पोकळ्या नसतात, लाकूड शेवटी लाकूडच. आणि दोन दिवसांचं काम? पी हळद आणि हो गोरी! आम्ही आतला थर कापला, लगदा खरवडून काढला, बाहेरचा थर वाळू दिला, पाऊण इंची प्लायचे दोन थर दाटसर इपॉक्सीने चिकटवून क्लॅम्प केले, वरून फायबर चढवलं, आणि प्रत्येक बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरून मग त्यातून पुन्हा पाडलं म्हणजे पाण्याला लाकूड सापडतच नाही. पूर्ण उन्हाळा गेला. ग्राइंडिंगला रेस्पिरेटर हवाच, आणि इपॉक्सीऐवजी पॉलिस्टर रेझिन वापरणार असाल तर त्याच्या हार्डनरच्या एका थेंबाने डोळा जाऊ शकतो, गॉगल लावा. पोस्टमध्ये याबद्दल एक शब्द नाही.

भाच्या, शनिवारी सकाळी निघतेय, हातोडी आणि मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायचं यंत्र) घेऊन. तोवर ते डबे उघडू नकोस, आणि पावती जपून ठेव, सील तसंच असेल तर दुकानदार बहुतेक परत घेईल.